डोंगरमाथ्यावरचा संघ : सवानी विद्यापीठाच्या क्रीडापरंपरेची वाटचाल

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात कंबरलँड पठाराच्या माथ्यावर, सुमारे १३,००० एकरांच्या जंगलजमिनीत एक लहानसे विद्यापीठ आहे. सनदेवरचे नाव ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’. पण सगळे त्याला गावाच्या नावाने, ‘सवानी’ म्हणूनच ओळखतात. या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १८९९ साली जो पराक्रम केला, त्याला २०२४ मध्ये सव्वाशे वर्षे पूर्ण झाली. त्या शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेच्या क्रीडाजीवनाची वाटचाल या स्मरणिकेत नोंदवून ठेवावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

मराठी वाचकांसाठी सुरुवातीलाच एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे महाविद्यालय ज्या विद्यापीठाशी संलग्न असते, त्याच्याच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत ते उतरते. अमेरिकेत तसे नाही. तिथे आठ-दहा, कधी पंधरा-सोळा संस्था आपखुशीने एकत्र येतात, खेळाडूंच्या पात्रतेचे नियम ठरवतात आणि दरवर्षी एकमेकांशी खेळतात. या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. संस्थेने कॉन्फरन्स बदलली की तिचे वेळापत्रक बदलते आणि वर्षानुवर्षांचे प्रतिस्पर्धी दुरावतात. सवानीने आजवर पाच कॉन्फरन्स पाहिल्या आणि त्यांतल्या बहुतेकींच्या स्थापनेत तिचा हात होता. बलाढ्य विद्यापीठांच्या पंक्तीतून उठून आपल्या बरोबरीच्या महाविद्यालयांमध्ये येऊन बसण्याचा निर्णयही तिने स्वतःहून घेतला. माझ्या मते सवानीच्या इतिहासाचा गाभा त्या निर्णयात आहे. १८९९चा पराक्रम हा त्याचा सोनेरी पूर्वार्ध.

पायाभरणी : १८५७ ते १८९०

दक्षिणेतल्या एपिस्कोपल चर्चचे बिशप आणि प्रतिनिधी ४ जुलै १८५७ रोजी लुकआउट माउंटनवर जमले आणि दक्षिणी राज्यांसाठी एक मोठे विद्यापीठ काढायचे ठरले. लिओनिडस पोक, जेम्स ओटी आणि स्टीफन एलियट हे बिशप त्यात अग्रभागी होते. पुढच्या वर्षी सनद मिळाली आणि १८६०च्या ऑक्टोबरमध्ये कोनशिला बसली. त्या पिढीची संपत्ती गुलामांच्या श्रमावर उभी होती, हे इथे नोंदवलेच पाहिजे. विद्यापीठाने स्वतःच आता ‘रॉबर्सन प्रकल्पा’द्वारे आपल्या त्या वारशाचे संशोधन हाती घेतले आहे.

लगेच यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या सैनिकांनी कोनशिला फोडली आणि जमवलेला निधीही बुडाला. युद्ध संपल्यावर हाती राहिले ते फक्त डोंगरावरचे रान. बिशप चार्ल्स क्विंटार्ड यांनी ते स्वप्न पुन्हा उचलले, इंग्लंडला जाऊन देणग्या गोळा केल्या आणि १८ सप्टेंबर १८६८ रोजी विद्यापीठ प्रत्यक्षात सुरू झाले. पहिल्या दिवशी विद्यार्थी होते नऊ! बिशप, अध्यापक, गावकरी आणि जंगलात लाकूड तोडून पहिल्या इमारती उभ्या करणारे मजूर, या सर्वांचे श्रम त्या आरंभामागे आहेत.

पायथ्याच्या कोवन गावापासून वर चढणारी रेल्वेची शाखा तेव्हा ‘माउंटन गोट’ म्हणून ओळखली जाई. बाहेरच्या जगाशी सवानीचा संबंध होता तो या गाडीमार्फत. पुढे खेळाडूही तिनेच खाली उतरू लागले.

१८९१ ते १९०० : सहा दिवस, पाच सामने

सवानीचा फुटबॉल १८९१ साली सुरू झाला. हा फुटबॉल अमेरिकन पद्धतीचा, म्हणजे लांबट चेंडू छातीशी धरून समोरच्यांच्या भिंतीत मुसंडी मारण्याचा. पहिला सामना नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी झाला आणि सवानी हरली. पण दोनच आठवड्यांनी चॅटानूगा येथे टेनेसी विद्यापीठाच्या संघाला तिने २४–० असे हरवले. टेनेसीचा तो इतिहासातला पहिलाच सामना. ज्यांच्या मैदानावर आज लाखभर प्रेक्षक बसतात, त्यांची सुरुवात सवानीकडून हरून झाली आहे.

त्या काळी कोण कुणाकडून खेळेल याला धरबंध नव्हता. पैसे घेऊन खेळणारे, या महाविद्यालयातून त्या महाविद्यालयात फिरणारे, वर्गाचे तोंड न पाहिलेले खेळाडू सर्रास दिसत. याला आळा घालण्यासाठी व्हँडरबिल्टचे प्राध्यापक विल्यम डडली यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८९४ मध्ये अटलांटा येथे ‘सदर्न इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ स्थापन झाली. अलाबामा, ऑबर्न, जॉर्जिया, जॉर्जिया टेक, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हँडरबिल्ट यांच्याबरोबर सवानी ही सातवी संस्थापक सदस्य. सवानीची ही पहिली कॉन्फरन्स.

व्हँडरबिल्टशी होणारा सामना हा हंगामातला मोठा सण असे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत डोंगरावरची मंडळी खाली उतरत आणि नॅशव्हिलच्या रस्त्यांवर सवानीचा जांभळा रंग दिसू लागे. मात्र १८९९ साली उत्पन्नाच्या वाटपावरून दोन्ही बाजूंच्या व्यवस्थापनांत मतभेद झाले आणि त्या वर्षी हा सामना होऊ शकला नाही. त्याच्या तपशिलात जाण्याचे आज कारण नाही. सामने लवकरच पूर्ववत झाले. पण त्या वर्षी हातचे उत्पन्न गेले आणि ते भरून काढण्यासाठी संघाचा विद्यार्थी-व्यवस्थापक ल्यूक ली याने एक दौरा आखला.

पुढे अमेरिकेचा सिनेटर झालेल्या या तरुणाने पाच मोठ्या संस्थांशी पत्रव्यवहार करून सहा दिवसांत पाच सामने ठरवले. एकूण प्रवास सुमारे २,५०० मैलांचा आणि बरोबर खेळाडू अवघे एकवीस. झोपण्याची सोय असलेला रेल्वेचा खास डबा घेतला होता. परगावचे पाणी बाधू नये म्हणून सवानीच्या झऱ्याचे पाणी पिंपांत भरून बरोबर घेतले होते. सामानाच्या गडबडीत खेळाडूंचे बूट मागेच राहिले आणि ते तारेने कळवून मागवून घ्यावे लागले, अशीही आठवण सांगितली जाते.

गुरुवार, ९ नोव्हेंबरला ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठावर १२–०. शुक्रवारी ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एमवर १०–०. शनिवारी न्यू ऑर्लीन्समध्ये टुलेनवर २३–०. रविवारी विश्रांती, कारण संस्था चर्चची होती. सोमवारी बॅटन रूज येथे लुइझियाना स्टेटवर ३४–०. मंगळवारी मेम्फिसला मिसिसिपी विद्यापीठावर १२–०. पाचही संघांना मिळून एकही गुण घेता आला नाही.

हे किती अवघड होते, हे कळायला तेव्हाचे नियम ठाऊक हवेत. सामना सत्तर मिनिटांचा असे. चेंडू पुढे फेकण्याला परवानगी नव्हती. ती १९०६ साली मिळाली. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचे, म्हणजे दर वेळी माणसांच्या ढिगाऱ्यातून वाट काढायची. मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूला परत येता येत नसे, त्यामुळे दुखापत झाली तरी बहुतेक जण तसेच खेळत राहत. रात्री गाडीत डुलक्या काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ताज्या दमाच्या अकरा जणांसमोर उभे राहायचे. ऑर्मंड सिमकिन्ससारखे खेळाडू गुडघ्यांची दुखणी अंगावर काढत खेळले. आजच्या कुठल्याही डॉक्टरने त्यांना मैदानात उतरू दिले नसते.

हंगामाच्या अखेरीस माँटगोमेरीत प्रशिक्षक जॉन हाइझमन यांच्या ऑबर्नने सवानीला शेवटपर्यंत झुंजवले. निकाल ११–१०. वर्षभरात सवानीवर गुण चढवणारा हा एकमेव संघ. दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाला ५–० असे हरवून हंगाम संपला : बारा सामने, बारा विजय, ३२२ विरुद्ध १० गुण. प्रशिक्षक हर्मन सूटर, कप्तान हेन्री सीबल्स, व्यवस्थापक ली आणि एकवीस खेळाडू यांचे हे सामूहिक यश.

त्या हंगामातला आणखी एक निकाल पुढच्या इतिहासासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. टेक्सासची गाडी पकडण्याच्या काही दिवस आधी क्लार्क्सव्हिलच्या साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन या लहान महाविद्यालयाचा संघ डोंगरावर आला होता. सवानीने त्यांना ५४–० असे हरवले. त्या सामन्याकडे तेव्हा कुणी फारसे लक्ष दिले नाही.

१९०१ ते १९२० : आघाडीच्या रांगेत

या दोन दशकांत सवानीचे नाव दक्षिणेतल्या पहिल्या रांगेत टिकून राहिले. १८९९च्या संघाची सर परत आली नाही. तरी १९०९ साली व्हँडरबिल्टला १६–५ असे नमवून सवानीने दक्षिणेचे अजिंक्यपद पटकावले. नॅशव्हिलमधला थँक्सगिव्हिंगचा सामना दोन्हीकडच्या पदवीधरांना वर्षातून एकदा भेटवणारी जागा झाला होता. धाकटी भावंडे थोरल्यांच्या मागोमाग सवानीला येत आणि मैदानात उतरत.

१९२०चे दशक : मोठ्यांची वेगळी चूल

पहिल्या कॉन्फरन्समध्ये सदस्य वाढत गेले आणि मोठ्या व लहान संस्थांच्या गरजा वेगळ्या पडू लागल्या. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळू द्यावे की नाही, हा त्यांतला कळीचा प्रश्न होता. मोठ्यांना ते नको होते; लहानांचा त्यावाचून संघच उभा राहत नव्हता. अखेर फेब्रुवारी १९२१ मध्ये मोठ्या संस्थांनी ‘सदर्न कॉन्फरन्स’ ही वेगळी चूल मांडली. काही काळाने सवानीही तिकडे गेली.

विद्यार्थीसंख्येच्या हिशेबाने तिची जागा लहानांत होती. पण तिचे सगळे जुने प्रतिस्पर्धी, व्हँडरबिल्ट, टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया, त्या गटात होते आणि त्यांची साथ सोडण्याचा विचार कुणाच्या मनाला शिवला नसावा. तो निर्णय प्रेमापोटी झाला, हिशेबाने नाही. तेव्हा तो स्वाभाविकच होता.

१९२४ साली सवानीने व्हँडरबिल्टला १६–० असे हरवले. डोंगरावर मोठा जल्लोष झाला. व्हँडरबिल्टवरचा तो सवानीचा शेवटचा विजय ठरला.

१९३०चे दशक : कसोटीचा काळ

सदर्न कॉन्फरन्सही तेवीस सदस्यांपर्यंत फुगली. डिसेंबर १९३२ मध्ये नॉक्सव्हिल येथे ॲपलाचियन पर्वताच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या तेरा संस्थांनी बाहेर पडून ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ स्थापन केली. आज अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळात सर्वांत श्रीमंत आणि बलाढ्य गटांत तिची गणना होते. अलाबामा, ऑबर्न, फ्लॉरिडा, जॉर्जिया, केंटकी, लुइझियाना स्टेट, टेनेसी अशा नावांच्या पंगतीत, संस्थापकांच्या यादीत, सवानीचे नाव आहे. आजच्या पिढीतल्या अनेकांना हे सांगूनही खरे वाटत नाही.

दहा-पंधरा वर्षांत भोवतालचे जग बदलले होते. राज्य सरकारांच्या विद्यापीठांची विद्यार्थीसंख्या हजारांवर गेली होती, सवानीत ती काही शेच होती. इतरांनी पोलाद-काँक्रीटची प्रेक्षागृहे बांधली. सवानीचे मैदान झाडीच्या कडेला होते तसेच राहिले आणि मोठे सामने बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या गावी जाऊन, तिकीट विक्रीतल्या वाट्यावर खेळावे लागत. त्यात महामंदी आली. १९३५ साली साउथईस्टर्न कॉन्फरन्सने खेळाडूंना उघडपणे आर्थिक मदत द्यायला परवानगी दिली. जे आजवर पडद्याआड चालत होते ते नियमात बसले, हे एका परीने प्रामाणिकपणाचेच झाले; पण त्यामुळे स्पर्धा थेट पैशांची झाली आणि चर्चच्या देणग्यांवर चालणारी संस्था त्यात टिकणे शक्य नव्हते.

१९३३ ते १९४० या आठ हंगामांत सवानीने कॉन्फरन्समधले ३७ सामने खेळले आणि ३७ हरले. हा आकडा लपवण्याचे कारण नाही. त्या संघांतल्या मुलांनी शनिवारमागून शनिवार दुपटीच्या ताकदीसमोर उभे राहून सामना पूर्ण केला. १८९९च्या वीरांची छायाचित्रे भिंतीवर लागतात. या मुलांची नावे कुणाला आठवत नाहीत. या स्मरणिकेत त्यांनाही मानाचे पान मिळावे, असे मला मनापासून वाटते.

१९४०चे दशक : गेरी यांचा निर्णय

१९३८ साली अलेक्झांडर गेरी कुलगुरू झाले. ते सवानीचेच विद्यार्थी आणि एका बिशपचे चिरंजीव. फुटबॉल बंद करावा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्याच सुमारास, डिसेंबर १९३९ मध्ये, शिकागो विद्यापीठाने आपला नामांकित फुटबॉल संघ बंद करून देशाला धक्का दिला होता. गेरी यांनी तो मार्ग घेतला नाही. खेळ हा विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भाग आहे, म्हणून खेळ राहील. खेळण्यासाठी पैसे देऊन विद्यार्थी आणणे मात्र थांबेल, अशी त्यांची भूमिका होती. खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या बंद करण्यात आल्या आणि १९४० साली सवानीने साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे सदस्यत्व सोडले. संस्थापक तेरांपैकी बाहेर पडणारी ती पहिली. पुढे १९६०च्या दशकात जॉर्जिया टेक आणि टुलेनही बाहेर पडले, पण त्यांची कारणे वेगळी होती.

हा निर्णय काही माजी विद्यार्थ्यांना जड गेला, हे समजण्यासारखे आहे. ज्यांच्या तारुण्याच्या आठवणी नॅशव्हिलच्या सामन्यांशी बांधलेल्या होत्या, त्यांना आपले घर कुणी विकल्यासारखे वाटले असेल. त्या काळात बरीच चर्चा झाली. कालांतराने बहुतेकांनी नवी घडी स्वीकारली.

जुने सामने मात्र एकेक करून बंद पडले. दुसऱ्या महायुद्धामुळे सगळ्यांचीच वेळापत्रके विस्कटली होती. व्हँडरबिल्टशी शेवटचा सामना १९४४ साली झाला. १८९१ पासून बावन्न लढती : व्हँडरबिल्टचे चाळीस विजय, सवानीचे आठ, चार बरोबरीत. त्यानंतर दोन्ही संस्थांनी फुटबॉलच्या मैदानावर एकमेकांचे तोंड पाहिले नाही. नॅशव्हिल सवानीपासून नव्वद-एक मैलांवर, दोन्हीकडची कुटुंबे एकमेकांच्या ओळखीची, पदवीधरांची लग्ने एकमेकांत झालेली. असे असूनही हे वैर थांबले, कारण ते आता नावापुरतेच उरले होते. वीस वर्षे एकच बाजू जिंकत असेल तर हरणारा थकतो आणि जिंकणाऱ्यालाही त्यात रस राहत नाही. कॉन्फरन्स सोडल्याने हे वैर संपले असे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते ते आधीच संपत आले होते. १९४०च्या निर्णयाने ते मान्य केले, इतकेच.

गेरी यांचे १९४८ साली, पदावर असतानाच निधन झाले. त्यांच्या निर्णयाची फळे त्यांना पाहायला मिळाली नाहीत.

१९५०चे दशक : नवा प्रतिस्पर्धी

१८९९ साली ५४–० असे हरलेले ते साउथवेस्टर्न महाविद्यालय १९२५ मध्ये क्लार्क्सव्हिल सोडून मेम्फिसला आले होते. संस्था प्रेस्बिटेरियन चर्चची, आकाराने सवानीच्या जवळपास, शिक्षणाचा आग्रह तसाच. दोघांचे सामने अधूनमधून होत आले होते. १९५४ पासून या सामन्याला ‘एडमंड ऑर्गिल चषक’ मिळाला. ज्यांच्या नावाने तो दिला जातो ते मेम्फिसचे व्यापारी, पुढे तिथले महापौर झाले; दोन्ही संस्थांशी त्यांचा जिव्हाळ्याचा संबंध होता. चषक आला आणि जिंकणाऱ्याने तो वर्षभर आपल्याकडे ठेवायचा, हा क्रम रूढ झाला. आता दरवर्षी मुलांना खेळण्यासाठी काहीतरी डोळ्यांसमोर होते.

१९५७ साली शर्ली मेजर्स प्रशिक्षक म्हणून आले. नाव स्त्रीचे वाटले तरी हे गृहस्थ टेनेसीतल्या एका नामवंत फुटबॉल घराण्याचे कर्ते पुरुष; त्यांचे चिरंजीव जॉनी मेजर्स पुढे टेनेसी विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. एकही खेळाडू-शिष्यवृत्ती हाताशी नसताना मेजर्स यांनी १९५८ आणि पुन्हा १९६३ साली सवानीला अपराजित हंगाम मिळवून दिले. मुले सकाळी ग्रीक-लॅटिनच्या वर्गात, दुपारी प्रयोगशाळेत आणि संध्याकाळी मैदानात असत. काही वर्षांपूर्वी आठ हंगामांत एकही कॉन्फरन्स सामना न जिंकलेली संस्था ती हीच. मुलांची कुवत तेव्हाही कमी नव्हती. समोर कोणाला उभे करायचे, ते आता बदलले होते.

१९६०चे दशक : समविचारी संस्थांचा गट

१९४० पासून सवानी वीसहून अधिक वर्षे कोणत्याही मोठ्या गटाविना खेळत होती. दरवर्षी प्रतिस्पर्धी शोधायचे, तारखा जुळवायच्या, प्रवासखर्चाची बोलणी करायची, हे सगळे क्रीडाविभागातल्या मोजक्या माणसांनी निभावले. १९६२ साली केंटकीतले सेंटर, मेम्फिसचे साउथवेस्टर्न, व्हर्जिनियातले वॉशिंग्टन अँड ली आणि सवानी यांनी मिळून ‘कॉलेज ॲथलेटिक कॉन्फरन्स’ उभी केली; सेंट लुइसचे वॉशिंग्टन विद्यापीठही पाठोपाठ आले. खेळासाठी कुणालाही शिष्यवृत्ती द्यायची नाही, हा तिचा पायाभूत नियम. गेरी यांनी एकट्याने धरलेला आग्रह बावीस वर्षांनी एका गटाचे घटनापत्र झाला.

या सोबत्यांचाही पूर्वेतिहास सवानीसारखाच आहे. डॅनव्हिल या छोट्या गावातल्या सेंटर कॉलेजने १९२१ साली खुद्द हार्वर्डला ६–० असे हरवून देशभर खळबळ उडवली होती. आता सेंटर आणि सवानी समोरासमोर आल्या की दोन्हीकडच्या जुन्या मंडळींना सांगण्यासारख्या गोष्टी असत आणि मैदानावरची मुले मात्र अगदी तुल्यबळ असत.

१९७० ते १९९० : दारे उघडली

१९६९ साली सवानीत मुलींना प्रवेश मिळाला. शंभर वर्षे फक्त मुलांच्या असलेल्या संस्थेत हा बदल शांतपणे रुजला. पाठोपाठ मुलींचे संघ उभे राहिले आणि साउथवेस्टर्न, सेंटर यांच्याशी असलेली ईर्ष्या फुटबॉलपुरती राहिली नाही. १९७३ मध्ये महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने महाविद्यालयांचे तीन स्तर केले. खेळाडू-शिष्यवृत्ती नसलेला तिसरा स्तर जणू सवानीच्या धोरणालाच मिळालेली मान्यता होती.

गटात काही सदस्य आले, काही गेले. १९८४ साली साउथवेस्टर्नचे नाव बदलून ऱ्होड्स कॉलेज झाले. ऑर्गिल चषक त्याच नावाने, त्याच दोघांत चालू राहिला. गटाचे नाव १९९१ साली ‘सदर्न कॉलेजिएट ॲथलेटिक कॉन्फरन्स’ झाले.

१९९१ ते २०११ : लांबलेली अंतरे

या वीस वर्षांत गटाचा पसारा वाढला. टेक्सासचे ट्रिनिटी आधीपासून होते; तिथूनच साउथवेस्टर्न विद्यापीठ (हे वेगळे, मेम्फिसचे नव्हे), इंडियानातून डीपॉ, पुढे थेट कोलोरॅडो कॉलेज सामील झाले. खेळाचा दर्जा उंचावला. २००७ साली ट्रिनिटीने मिलसॅप्सविरुद्ध शेवटच्या चालीत चेंडू पंधरा वेळा मागे टाकत जिंकलेला सामना देशभर दाखवला गेला, तो याच गटातला.

पण पोरांना सामन्यासाठी हजार मैलांहून दूर जावे लागू लागले. शुक्रवारचे तास बुडत, परीक्षेच्या आठवड्यात विमानतळावर अभ्यास करावा लागे. शिक्षण आधी आणि खेळ मग, या तत्त्वावर उभ्या राहिलेल्या गटाला हे शोभणारे नव्हते. डीपॉचे उदाहरण इथे बोलके आहे. वाबाश कॉलेजशी ‘मोनॉन घंटे’साठी चालणारा त्यांचा जुना सामना त्या काळात गटाबाहेरचा म्हणून खेळावा लागे. तरीही तो एकही वर्ष चुकला नाही. २०११ मध्ये डीपॉ वाबाशच्याच गटात गेली आणि घंटा पुन्हा घरच्या वेळापत्रकात आली. ज्या वैराला ठरलेला दिवस आणि जिंकायला एखादी वस्तू असते, ते गट बदलले तरी तगून राहते, असे यावरून दिसते. व्हँडरबिल्टच्या सामन्याला असे काही उरले नव्हते.

२०१२ पासून : सदर्न ॲथलेटिक असोसिएशन

२०११ मध्ये बर्मिंगहॅम-सदर्न, सेंटर, हेंड्रिक्स, मिलसॅप्स, ओगलथॉर्प, ऱ्होड्स आणि सवानी यांनी एकत्र बाहेर पडण्याचे जाहीर केले. जॉर्जियातले बेरी कॉलेज येऊन मिळाले आणि २०१२–१३ पासून ‘सदर्न ॲथलेटिक असोसिएशन’ सुरू झाली. या वेळी जुने प्रतिस्पर्धी मागे पडले नाहीत, कारण ते सगळे सोबतच निघाले. गट बदलला, ऱ्होड्स आणि सेंटर यांच्याशी होणारे सामने तसेच राहिले, प्रवास मात्र बराच कमी झाला. सात दशकांपूर्वीच्या अनुभवातून संस्था जे शिकल्या, ते इथे उपयोगी पडले असे म्हणायला हरकत नाही.

शोकाचाही प्रसंग आला. आर्थिक अडचणींमुळे बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज ३१ मे २०२४ रोजी कायमचे बंद झाले. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोत राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत खेळत होता. कॉलेज उरले नाही तरी मुले खेळत राहिली आणि गटातल्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचे समर्थक त्या दिवसांत त्यांच्यामागे उभे राहिले. एका कुटुंबातले माणूस जावे तसे ते जाणे होते.

त्याच वर्षी १ जुलैला टेक्सास विद्यापीठ साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये दाखल झाले. टेक्सास ए अँड एम २०१२ पासून तिथे होतेच. त्यामुळे १८९९च्या दौऱ्यात सवानीने हरवलेल्या पाचपैकी चार संस्था आज त्या गटात आहेत आणि पाचवी, टुलेन, एके काळी होती. सवानी तिथे नाही, याची खंत वाटणारे पदवीधर आजही भेटतात आणि त्यांच्या भावनेचा आदर केलाच पाहिजे. पण त्या गटात राहिली असती तर सवानीला सवानी म्हणून टिकता आले असते, असे मला वाटत नाही.

आज सवानीच्या मैदानावर शनिवारी दुपारी सामना असतो तेव्हा प्राध्यापक, गावकरी, कुत्र्यांना घेऊन आलेली कुटुंबे कडेच्या गवतावर बसतात. दक्षिणेतल्या सर्वांत जुन्या फुटबॉल मैदानांपैकी हे एक. गवत कापणारे, रेषा आखणारे, पोशाख धुणारे, बस चालवणारे, जखमेवर पट्टी बांधणारे कर्मचारी यांच्यावाचून यातला एकही शनिवार उभा राहत नाही. संस्थेचा इतिहास त्यांनीही घडवला आहे. २०२५–२६ पासून ट्रिनिटी आणि टेक्सासचे साउथवेस्टर्न विद्यापीठ हे जुने सोबती या गटात येऊन मिळाले आहेत. अंतराचा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुढे येणार, आणि वेळापत्रक आखताना मुलांचे तास किती बुडतात हे आधी पाहण्याची जबाबदारी क्रीडाविभागावर आणि प्राध्यापकांच्या समितीवर राहील.